कानउघाडणी पुरे, आता कान उघडू या!



श्रवण, भाषण, वाचन, लेखन. डी.एड.ला पाठ केलेला हा क्रम आपल्यापैकी कुणीच विसरलेलं नाही. प्रत्येक प्रशिक्षणात तो फळ्यावर लिहिला जातो आणि त्यात श्रवण पहिलं असतं. आता एक काम करा. तुमचं मागच्या आठवड्याचं टाचण काढा आणि त्यात 'ऐकणं शिकवण्यासाठी' म्हणून किती मिनिटं ठेवली होती ते बघा. बहुतेक टाचणांत हे उत्तर शून्य येईल. वाचन शिकवायला आपण पुस्तक घेतो, लेखन शिकवायला वही घेतो, आणि श्रवण शिकवायला म्हणतो, "ए, गप्प बसा आणि ऐका!"

गप्प बसणं म्हणजे ऐकणं नव्हे. शांत बसलेल्या चाळीस मुलांपैकी किती जण ऐकत होती, हे आपल्याला दोन प्रश्न विचारल्यावरच कळतं. मग आपण चिडतो आणि कानउघाडणी करतो. माझं म्हणणं असं की ऐकणं हे शिकवायचं कौशल्य आहे. त्याचा सराव लागतो, त्यासाठी साहित्य लागतं. ते साहित्य म्हणजे ध्वनिफीत, आजच्या भाषेत ऑडिओ क्लिप किंवा पॉडकास्ट. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या साध्या शाळेतही ते सहज वापरता येतं. अट एवढीच की ते छोटं असावं, शक्यतो आपल्या परिसरातलं असावं आणि ते चालू असताना शिक्षक वर्गातच असावेत.

बाईंचा आवाज पुरत नाही का?

काही शिक्षक विचारतील, आम्ही दिवसभर बोलतोच की, मुलं तेच ऐकतात. बरोबर आहे, पण मुलांना आपल्या आवाजाची सवय होते. आपला वेग, आपले हातवारे, आपण कुठे थांबतो, हे सगळं त्यांना पाठ असतं. अर्धं तर ती आपल्या चेहऱ्यावरूनच ओळखतात. शाळेबाहेर मात्र त्यांना अनोळखी आवाज ऐकावे लागतात. बँकेतला फोन, दवाखान्यातली सूचना, उद्या नोकरीची मुलाखत, कॉलेजातलं लेक्चर. तिथे कुणी त्यांच्यासाठी हळू बोलत नाही.

आपल्या दोन तालुक्यांत तर आवाजांची कमतरता अजिबात नाही. रांजणगाव, शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा या पट्ट्यात कारखान्यांमुळे मराठवाडा-विदर्भापासून बिहार-उत्तर प्रदेशापर्यंतची कुटुंबं आली आहेत. दौंडला रेल्वे आहे, राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत, शेजारी कुरकुंभची एमआयडीसी आहे. गळीत हंगाम सुरू झाला की बीड-नगरकडच्या टोळ्या येतात आणि त्यांची मुलं आपल्या पटावर येतात. एका वर्गात चार-पाच प्रकारची मराठी आणि दोन प्रकारची हिंदी बसलेली असते. अशा वर्गात सगळ्यांना एकमेकांचं बोलणं समजणं हाच पहिला धडा आहे.

ध्वनिफितीचा आणखी एक मोठा गुण आहे. ती दमत नाही आणि चिडत नाही. तेच वाक्य तिसऱ्यांदा लावलं तरी तसंच्या तसं ऐकू येतं. आपण मात्र तिसऱ्यांदा सांगताना वाक्य बदलतो, सोपं करतो किंवा आवाज चढवतो. ज्या मुलाला पहिल्या वेळी समजलं नाही, त्याला तेच वाक्य पुन्हा ऐकण्याचा हक्क फक्त ध्वनिफीत देते.

व्हिडिओ असताना ऑडिओ कशाला?

हा प्रश्न पालक हमखास विचारतात. वर्गात मोठी स्क्रीन असली की शाळा पुढे गेली असं वाटतं. स्क्रीनला माझा विरोध नाही. हृदयाचे कप्पे किंवा ज्वालामुखी दाखवायचा तर चित्र हवंच. पण गोष्ट ऐकताना व्हिडिओ सगळं आयतं देतो. राजा कसा दिसतो, वाडा केवढा, पाऊस किती जोरात, हे सगळं दिग्दर्शक ठरवतो. ऑडिओत ते मुलाला स्वतः ठरवावं लागतं. एकच गोष्ट ऐकवून तिचं चित्र काढायला सांगा. तीस मुलांची तीस वेगळी चित्रं येतील. भाषेचं खरं काम त्या तीस चित्रांत झालेलं असतं.

शिवाय व्यवहार बघा. तीन मिनिटांची ऑडिओ फाईल इतकी लहान असते की कमी रेंजच्या वाडीवरही ती फोनवर येते. वीज गेली तरी चार्ज केलेला छोटा ब्लूटूथ स्पीकर चालतो. घरी आईच्या साध्या फोनवरही ती वाजते. आणि मुलांचे डोळे आधीच पडद्याला चिकटलेले असताना वीस मिनिटं तरी पडद्याविना शिकणं मिळतं.

हे काही नवीन खूळ नाही

पॉडकास्ट हा शब्द नवा असला तरी कानाने शिकण्याची परंपरा जुनी आहे. ब्रिटनमध्ये बीबीसीने शाळांसाठी प्रसारण १९२४ मध्येच सुरू केलं. आपल्याकडे आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं आणि दोनच वर्षांत, १९५५ च्या एप्रिलपासून, त्याच केंद्रावरून गदिमा आणि बाबूजींचं गीतरामायण दर आठवड्याला एक गीत याप्रमाणे वर्षभर प्रसारित झालं. छप्पन्न गीतं लोकांनी नुसती ऐकून मनात साठवली. त्यामागचं सूत्र वर्गातही लागू पडतं. एका वेळी थोडं, ठरलेल्या वेळी आणि पुढच्या भागाची ओढ लागेल असं.

दुसरा धडा मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाचा. १९७० च्या दशकात तिथे प्राथमिक शाळांत रेडिओवरून गणित शिकवण्याचा प्रयोग झाला. त्याची युक्ती फार साधी होती. रेडिओवरचा आवाज प्रश्न विचारायचा आणि मग गप्प व्हायचा. त्या मोकळ्या जागेत मुलांनी मोठ्याने उत्तर द्यायचं, मग रेडिओ बरोबर उत्तर सांगायचा. मुलं सतत बोलत, मोजत, लिहीत राहायची. या मुलांची गणितातली प्रगती इतर वर्गांपेक्षा चांगली दिसली आणि ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली. आपण स्वतः ध्वनिफीत बनवताना हे लक्षात ठेवायला हवं. प्रश्नानंतर पाच सेकंद शांतता ठेवा. नुसतं भाषण रेकॉर्ड केलं तर मुलं पेंगणारच.

तिसरा धडा अगदी कालचा. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या, तेव्हा नागपूर आकाशवाणीवरून 'शाळेबाहेरची शाळा' सुरू झाली. पालघर भागातल्या पाड्यांवर दिगंत स्वराज फाउंडेशनच्या कार्यकर्त्यांनी स्पीकर नेऊन 'बोलकी शाळा' भरवली. स्मार्टफोन नसलेल्या मुलांपर्यंत त्या काळात काय पोहोचलं, तर आवाज पोहोचला. शाळा उघडल्यावर आपण ते सगळं गुंडाळून ठेवलं. अडचणीत उपयोगी पडलेलं साधन अडचण संपल्यावर टाकून देणं हे काही शहाणपणाचं नाही.

सविंदण्याच्या ओव्या वर्गात आणा

आता आपल्या दारातल्या खजिन्याबद्दल. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी अनेक वर्षं गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून जास्त गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या असा हा संग्रह आहे. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यातल्या बऱ्याच ओव्यांचं ध्वनिमुद्रण झालं. आज 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' म्हणजेच 'पारी' या संकेतस्थळावर त्या कुणालाही मोफत ऐकता येतात. त्यात आपल्या शिरूर तालुक्यातल्या सविंदणे गावच्या बायकांच्या ओव्याही आहेत.

मला इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. 'पानी' म्हणणाऱ्या, 'व्हतं' म्हणणाऱ्या मुलाला वर्गात हसलं जातं. कधी मुलं हसतात, कधी आपणही हसतो. दोन-तीन वेळा हसं झालं की ते मूल बोलायचंच बंद होतं. आपण प्रगतिपुस्तकात लिहितो, 'अबोल आहे.' त्याची आजी मात्र घरात ओवी म्हणत असते. तीच भाषा, तोच उच्चार जेव्हा वर्गातल्या स्पीकरमधून येतो आणि बाई म्हणतात, "आता हे नीट ऐका, हे आपल्याला समजून घ्यायचंय," तेव्हा त्या मुलाची मान वर होते. त्याला माहीत असलेला शब्द वर्गातल्या हुशार मुलाला माहीत नसतो. 'उखळ', 'मेढ', 'कांडप', 'खुंटा' यांचे अर्थ तोच सांगतो. प्रमाण मराठी शिकवायचीच आहे, त्यात तडजोड नाही. पण घरची भाषा कमी लेखून प्रमाण भाषा शिकवता येत नाही, हेही तितकंच खरं.

पाठ असा घेता येतो. ओवी ऐकवा. तिच्यातले तीन अनोळखी शब्द मुलांना पकडू द्या. घरी जाऊन आजी, आत्या, मावशी यांना अर्थ विचारून यायला सांगा. दुसऱ्या दिवशी त्याच ओवीचा आशय प्रमाण मराठीत दोन वाक्यांत लिहून घ्या. श्रवण, भाषण, वाचन, लेखन चारही झालं आणि घर शाळेशी जोडलं गेलं. ऊसतोड कुटुंबातलं मूल वर्गात असेल तर त्याच्या आईकडेही अशा ओव्या असतील. हातात शिक्षण हमी कार्ड घेऊन मधूनच आलेलं ते मूल त्या दिवशी पाहुणं राहत नाही.

दौंड स्टेशनची घोषणा: तयार पाठ

प्रत्येक वेळी इंटरनेट धुंडाळायची गरज नाही. दौंडच्या मुलांनी रेल्वेची घोषणा हजारदा ऐकलेली असते. एकच मजकूर मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत, स्पष्ट उच्चारात आणि ठरलेल्या साच्यात येतो. यापेक्षा चांगला त्रिभाषा पाठ कुठे मिळणार? रोज पुण्याला ये-जा करणाऱ्या एखाद्या पालकाला मिनिटभराची घोषणा रेकॉर्ड करून आणायला सांगा. मुलांना त्यासाठी फलाटावर पाठवू नका.

मग विचारा: गाडीचा क्रमांक काय? कुठून कुठे जाणार? कोणत्या फलाटावर? उशीर आहे का? तिसरी-चौथीला नुसते अंक पकडू द्या. पाचवी-सहावीला मराठी आणि इंग्रजी घोषणेत कोणती माहिती आधी येते ते शोधायला सांगा. सातवी-आठवीला स्वतःची घोषणा लिहून तीन भाषांत म्हणू द्या. भूगोलाला जोडायचं असेल तर दौंडहून मनमाडकडे आणि सोलापूरकडे फाटे कसे फुटतात ते नकाशावर दाखवा. 'दौंड कॉर्ड लाइन' हे वेगळं स्टेशन का लागतं, पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला त्यामुळे इंजिन फिरवावं लागत नाही ते कसं, हे मुलंच तुम्हाला रंगवून सांगतील.

शिरूरकडच्या शाळांना घंटागाडीचं गाणं आहे, ग्रामपंचायतीची सूचना आहे, बिबट्यापासून सावध राहण्याचं आवाहन आहे. ते आवाहन तर ऐकून समजलंच पाहिजे, कारण उसाच्या कडेने शाळेत येणाऱ्या मुलाच्या जिवाशी त्याचा संबंध आहे. 'संध्याकाळी एकट्याने जाऊ नये' हे वाक्य कानावरून गेलं आणि समजलं, यात फरक आहे.

लावायची कशी?

माझ्या मते एक फीत तीनदा ऐकवावी.

१. पहिल्यांदा वही-पेन बंद. फक्त ऐकायचं. नंतर एकच प्रश्न: कोण बोलतंय आणि कशाबद्दल?

२. दुसऱ्या वेळेआधी फळ्यावर तीन प्रश्न लिहा. प्रश्न आधी, ऐकणं नंतर. आपण नेहमी उलटं करतो आणि मग ती स्मरणशक्तीची परीक्षा होते.

३. तिसऱ्यांदा मध्ये मध्ये थांबवा. "पुढे काय होईल?" "हा शब्द असाच का वापरला?" असं विचारा.

शेवटी मुलांनी बोलायचं किंवा लिहायचं. फीत दोन-तीन मिनिटांचीच असेल तर हे सगळं वीस मिनिटांत बसतं. दहा मिनिटांची फीत लावली की तास गेला आणि मुलंही गेली.

काही बारीक गोष्टी: फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन रंगात व्हॉट्सअॅपची टिंग वाजते. स्पीकर टेबलावर न ठेवता वर्गाच्या मधोमध ठेवा. स्पीकर नसेल तर काही जण फोन रिकाम्या पातेल्यात ठेवतात. आवाज वाढतो, पण शब्द घुमतात, म्हणून गाण्याला चालेल, गोष्टीला नको. स्वतः रेकॉर्ड करताना पत्र्याची खोली आणि चालू पंखा टाळा. घरी गोधड्या-कपड्यांच्या खोलीत, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर धरून बोला.

मुलांना बोलतं करा

ऐकवणं ही सुरुवात झाली. पुढची पायरी म्हणजे मुलांनी स्वतः फीत बनवणं. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून हाताने काम करत शिकण्याचा मार्ग दाखवला. तोच नियम इथेही लागू आहे. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन करून सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. तिथल्या एखाद्या मुलाचा एक दिवस कसा गेला असेल, यावर पाचवी-सहावीच्या गटाने दोन मिनिटांची फीत करावी. दोन मिनिटं बोलायला मुलांना दोन पानं वाचावी लागतात, प्रश्न पडतात, वाक्यं चार वेळा सुधारावी लागतात. निबंध लिहायला कुरकुरणारी मुलं रेकॉर्डिंगसाठी तोच मजकूर आनंदाने पुन्हा लिहितात.

वाचनासाठीही हे उपयोगी आहे. पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येक मुलाचं एका परिच्छेदाचं वाचन रेकॉर्ड करा. जूनचं आणि डिसेंबरचं त्यालाच शेजारी शेजारी ऐकवा. कुठे अडखळत होतो आणि आता कसं वाचतो, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. वर्गासमोर मात्र ते लावू नका. ते त्याचं स्वतःचं आहे.

आक्षेप खरे आहेत, उत्तरंही आहेत

अभ्यासक्रम पुरा होत नाही, हे कुठून आणायचं? वेगळा तास नकोच. ज्या पाठाला प्रस्तावना म्हणून आपण दहा मिनिटं बोलतो, तिथे फीत येऊ शकते. शिवाय दहावीला भाषा विषयांत लेखी ८० गुणांशिवाय २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. हे गुण २०१९ च्या परीक्षेपुरते बंद झाले आणि पुन्हा सुरू झाले. ते परत आले, पण श्रवणाचा सराव आला का, हे आपण स्वतःलाच विचारावं. नववी-दहावीत गुणदान करायचं तर तिसरीपासून शिकवायला हवं.

शिक्षक फीत लावून बसून राहतील, अशी भीतीही रास्त आहे. म्हणून म्हटलं, फीत तीनच मिनिटांची असावी. तीन मिनिटांत कुणालाही ऑफिसात जाऊन चहा पिता येत नाही.

ज्या मुलाला कमी ऐकू येतं त्याचं काय? त्याला मजकूर लिहून हातात द्या, स्पीकरजवळ बसवा. उलट या सरावात एखादं मूल सतत मागे पडताना दिसलं तर त्याचे कान तपासून घ्यायला पालकांना सांगा. 'लक्ष देत नाही' असा शेरा मिळालेल्या मुलाला कधी कधी ऐकूच येत नसतं.

आणि एक सावधगिरी. मुलाचा आवाज ही त्याची ओळख आहे. पालकांना विचारल्याशिवाय रेकॉर्ड करू नका, आणि विचारलं तरी स्टेटसला, ग्रुपवर, यूट्यूबवर टाकू नका. आजीची ओवी घेतली तर तिलाही विचारा आणि ती तिलाच आधी ऐकवा.

पालकहो, तुमच्यासाठी

तुम्हाला काही विकत घ्यायचं नाही. जेवताना टीव्ही बंद ठेवून सकाळच्या प्रादेशिक बातम्या पाच मिनिटं ऐका आणि मुलाला विचारा, "काय सांगितलं रे?" दौंडकडच्या पालकांनी बारामतीचं 'वसुंधरा वाहिनी' हे सामुदायिक रेडिओ केंद्र लागतं का बघा. आजोबा-आजी असतील तर त्यांची एक गोष्ट फोनमध्ये साठवून ठेवा. कामामुळे रात्री उशिरा येणाऱ्या वडिलांनी स्वतः दोन मिनिटांची गोष्ट रेकॉर्ड करून ठेवली तरी मूल ती झोपताना ऐकेल. कारखान्यातल्या पाळ्यांमुळे मुलांशी बोलणं होत नाही, ही आपल्या भागातल्या कितीतरी घरांची रोजची अडचण आहे.

शिक्षकांनो, येत्या सोमवारी एकच करा. दोन मिनिटांची एक फीत निवडा, तीन प्रश्न काढा आणि टाचणात 'श्रवण: २० मिनिटे' असं लिहा. पहिल्या वेळी वर्गात गोंगाट होईल, कुणी हसेल, कुणी म्हणेल, "बाई, काहीच समजलं नाही." त्याला रागवू नका. म्हणा, "बरं, पुन्हा लावते." एवढं ऐकायची त्याला कुठे सवय असते?